माझा हात, तुझा हात
(इनामगाव येथे साक्षरता वर्गापुढे झालेले भाषण)



आज इथे येताना एक गंमत झाली. घोड नदीच्या काठचे तुमचे जुने पांढरीचे टेकाड पाहावे, असे आमच्या मनात होते. वाटेत एक आजोबा शेळ्या चारत बसले होते. आम्ही विचारले, "बाबा, टेकाड किती लांब आहे?" ते म्हणाले, "हे काय, हाकेच्या अंतरावर."

आम्ही चालू लागलो. बरेच चाललो. टेकाड काही येईना. मग गवताचा भारा घेतलेल्या एक बाई भेटल्या. त्या म्हणाल्या, "आता दोनच शेतं ओलांडा." दोन ओलांडली, तिसरे आले, चौथे आले. तेवढ्यात सायकलीवरून एक पोरगा आला. त्याला विचारले, तर तो म्हणाला, "पाच मिनिटं." आम्हांला पंधरा लागली.

आता तुम्ही सांगा, या तिघांत खोटे कोण बोलले? कोणीच नाही. आजोबांचा गळा खणखणीत. त्यांची हाक लांब जाते. बाईंच्या डोळ्यांपुढे त्यांच्या ओळखीची मोठी शेते होती. पोराची पाच मिनिटे सायकलीची होती. आमची पायपीट त्याच्या हिशेबात नव्हती. ज्याने त्याने आपापल्या मापाने खरे तेच सांगितले. फसलो मात्र आम्ही.

म्हणून आज मापाविषयी बोलावे, असे ठरवले. लांबी कशी मोजायची? अंतर कसे मोजायचे? आपले वाडवडील कसे मोजत होते? ते मागे का पडले? विषय साधा दिसतो. पण याच्यापायी घरे मोडली आहेत, भाऊ भावाचा वैरी झाला आहे. ती गोष्टही पुढे सांगतो.

आधी तुमच्या टेकाडाविषयी. १९६८ पासून १९८३ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या लोकांनी तिथे उत्खनन केले. उत्खनन म्हणजे जपून, थराथराने केलेली खोदाई. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी असे मोठे विद्वान त्या कामात होते. त्यांना तिथे शंभराहून जास्त घरांच्या खुणा सापडल्या. ती घरे तीन हजार वर्षांपूर्वीची आणि त्याच्याही आधीची. त्या काळी इथे शेती करणारी माणसे राहत होती. त्यांची आधीची घरे लांबट चौकोनी होती. नदीच्या पुराचे पाणी वळवून शेताकडे न्यायला त्यांनी पाट खणला होता.

चौकोनी घर घालायचे म्हणजे काय करावे लागते? समोरासमोरच्या भिंती सारख्या धराव्या लागतात. नाहीतर घर वाकडे होते आणि आढे बसत नाही. पाट खणायचा तर रुंदी आणि खोली सांभाळावी लागते. दोरी घ्या, काठी घ्या, नाहीतर हात लावा. माप हे आलेच. म्हणजे याच मातीत तीन हजार वर्षे माणूस मोजतो आहे.

आता सगळ्यांत जुनी मोजपट्टी कोणती? ती तुमच्याजवळ आत्ता आहे. ती विकत आणावी लागत नाही आणि घरी विसरत नाही. ती म्हणजे आपले अंग.

बोटाची रुंदी म्हणजे एक बोट. हाताचा पंजा ताणा. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत एक वीत. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. बारा बोटांची एक वीत. दोन वितींचा एक हात. दोन्ही हात पसरून उभे राहा. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक वाव. वाव म्हणजे सुमारे चार हात. विहिरीची खोली सांगताना आपण परस म्हणतो. परस म्हणजे पुरुष, एका माणसाची उंची. फुलवाली आजही गजरा हाताने मोजून देते. आपण म्हणतो, वीतभर पोटासाठी सारी धडपड. म्हणजे पोटसुद्धा आपण वितीनेच मोजले!

हातापासून पुढे कोस कसा निघाला, तेही ऐका. भास्कराचार्य नावाचे मोठे गणिती होऊन गेले. त्यांनी ११५० साली 'लीलावती' नावाचा गणिताचा ग्रंथ लिहिला. त्यात हे कोष्टक आहे. आठ जव एकाला एक लावले की एक बोट. चोवीस बोटांचा एक हात. चार हातांचा एक दंड. दोन हजार दंडांचा एक कोस. चार कोसांचे एक योजन.

पाहा, जवाच्या दाण्यापासून निघालो आणि योजनापर्यंत पोचलो. किती सुरेख हिशेब आहे! हिशेबात कुठेही खोट नाही. खोट आहे ती दुसरीकडे. कुठे, ते आपण आत्ताच पाहू.

समोरच्या दोघांनी जरा उठा. तुम्ही, आणि मागचे ते उंच पाहुणे. ही सतरंजी आपापल्या हाताने मोजा बरे. सगळ्यांनी मोठ्याने मोजायचे. ... झाले? तुमचे आठ हात भरले. पाहुण्यांचे सात भरले आणि थोडी सतरंजी उरली. सतरंजी तीच, मोजणे बरोबर, आणि उत्तरे दोन!

पाचही बोटे सारखी नसतात, असे आपण म्हणतो. मग पाच माणसांचे हात सारखे कसे असतील? एका कोसात आठ हजार हात. हात अठरा इंचांचा धरला, तर कोस साडेतीन किलोमीटरहून थोडा जास्त होतो. हात दोनच इंचांनी आखूड धरला, तर कोस चारशे मीटरने आखूड होतो. दोन इंच म्हणजे जवळजवळ तीन बोटे. तीन बोटांचा फरक आठ हजार वेळा मोजला, की एवढा वाढतो. पुण्यापासून इनामगाव सुमारे ९० किलोमीटर. लीलावतीच्या कोसाने ते पंचवीस कोस भरते. पण आपल्याकडे पुष्कळ लोक कोस म्हणजे दोन मैल धरीत. त्या कोसाने हेच अंतर अठ्ठावीस कोस होते. गाव जागचे हलले नाही, आणि तीन कोस दूर गेले!

बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. तसा कोसही बदलत होता, बरं का.

आता ती भावांची गोष्ट सांगतो. ही आमच्या पाहण्यातली आहे. गावाचे आणि माणसांचे नाव सांगत नाही.

दोन भाऊ होते. थोरला उंच आणि धाकटा ठेंगणा. वडील गेले. दोघांनी शेत वाटून घ्यायचे ठरवले. दोघेही भले होते. म्हणाले, सरकारी मोजणी कशाला? आपणच पावलांनी मोजू. थोरला पूर्वेच्या बांधावरून निघाला आणि धाकटा पश्चिमेच्या. दोघांनी साठ साठ पावले टाकली. साठाव्या पावलाला दोघे समोरासमोर आले. तिथे त्यांनी बांध घातला. पाहणारे लोक म्हणाले, वाटणी असावी तर अशी! साठ इकडे, साठ तिकडे.

पण दर वर्षी धाकट्याचे पोते उणे येऊ लागले. बियाणे तेच, पाऊस तोच, कष्ट तेच. त्याच्या मनात आले, थोरला रात्री बांध कोरतो की काय? मन एकदा विटले की विटते. बोलणे तुटले. येणेजाणे थांबले. सणाला एका घरचे ताट दुसऱ्या घरी जाईना.

अशी काही वर्षे गेली. पुढे त्या गावात साक्षरतेचा वर्ग निघाला. धाकट्याची बायको वर्गाला येऊ लागली. ती अक्षरे शिकली, मग आकडे शिकली. एक दिवस गुरुजींनी मोजायची फीत आणली होती. तिने विचारले, "गुरुजी, ही एक दिवस घरी नेऊ का?" दुसऱ्या दिवशी तिने फितीचे एक टोक मुलाच्या हाती दिले आणि शेत मोजले. आकडे तिने स्वतः वाचले आणि स्वतः लिहिले.

काय निघाले? थोरल्याच्या तुकड्याची रुंदी ४५ मीटर, धाकट्याची ३६ मीटर. थोरल्याचे पाऊल ७५ सेंटिमीटरचे, धाकट्याचे ६० सेंटिमीटरचे. साठ पावलांत नऊ मीटरचा फरक पडला होता. शेत एकूण ८१ मीटर रुंद. म्हणजे वाटणीला साडेचाळीस मीटर यायला हवे होते. धाकट्याला साडेचार मीटर कमी आले. शेताची लांबी १०० मीटर. साडेचार गुणिले शंभर, म्हणजे साडेचारशे चौरस मीटर. जवळजवळ साडेचार गुंठे!

थोरला तिथे आला. म्हणाला, "मी साठच पावलं टाकली होती. एक जास्त टाकलं नाही." ती बाई म्हणाली, "भावजी, पावलं साठच होती. पण तुमचं पाऊल मोठं आहे."

थोरला खाली बसला. म्हणाला, "एवढी वर्षं आम्ही एकमेकांना चोर समजलो." मग दोघांनी मिळून सरकारी मोजणी मागवली आणि बांध सरळ केला. त्या दिवाळीला ताट पुन्हा या घरून त्या घरी गेले.

मंडळी, या गोष्टीत लबाड कोणीच नव्हता. दोघे प्रामाणिक होते आणि तरीही अन्याय झाला. माप एक नसले, की प्रामाणिक माणसांच्या हातूनही अन्याय होतो. मग लबाड माणसाच्या हाती काय होत असेल, ते तुम्हीच ताडा.

राज्य चालवणाऱ्यांना हे फार पूर्वी कळले होते. शिवाजी महाराजांच्या राज्यात अण्णाजी दत्तो यांनी जमिनीची मोजणी केली. त्या वेळी काठीचे माप ठरवून दिले होते. पाच हात आणि पाच मुठी मिळून एक काठी. हात केवढा धरायचा, तेही ठरले होते. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद, तो एक बिघा. एकशेवीस बिघ्यांचा एक चावर. सभासदाच्या बखरीत हे लिहिले आहे. म्हणजे ज्याचा त्याचा हात मागे पडला आणि ठरवलेली काठी आली.

मोजणी चुकली तर काय होते, तेही आपल्याच पुणे जिल्ह्याने पाहिले आहे. इंग्रजी राज्य आल्यावर १८२८ च्या सुमारास प्रिंगल नावाच्या साहेबाने इथे जमिनीची मोजणी करवली. मोजणीत चुका झाल्या. हाताखालच्या लोकांनी लाच खाल्ली. त्यावर सारा भारी बसला. शेतकऱ्यांना तो पेलेना. पुष्कळांनी जमिनी टाकल्या आणि गाव सोडले. शेते ओस पडली. शेवटी १८३५ साली इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी मोजणीचे काम नव्याने हाती घेतले. त्या वेळच्या मुंबई इलाख्यात तेहतीस फुटांच्या साखळीने मोजणी होई. साखळीएवढा लांब आणि साखळीएवढा रुंद तुकडा, तो एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. तुमच्या तोंडी असलेला गुंठा हा असा साखळीतून आला.

तुम्ही म्हणाल, हा घोळ आपल्याच देशात होता का? मुळीच नाही. सगळ्या जगात होता. एका लांबच्या देशाची गोष्ट सांगतो. त्या देशाचे नाव पोलंड. तो युरोपात आहे. पण त्याचे आणि आपले एक नाते आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथले पुष्कळ लोक देशोधडीला लागले. त्यांतल्या सुमारे पाच हजारांना कोल्हापूरजवळ वळिवडे गावी आसरा मिळाला. बहुतेक बायका आणि मुलेच होती. १९४३ पासून १९४८ पर्यंत ते तिथे राहिले.

या पोलिश लोकांची जुनी मापे ऐकली, तर तुम्हांला ती घरचीच वाटतील. त्यांचे कापड मोजायचे माप होते 'वोक्येच'. या शब्दाचा अर्थ कोपर. म्हणजे आपला हातच की! १८१९ साली त्यांनी वोक्येचचे माप नेमून दिले. त्याचे भाग किती केले? चोवीस. आपल्या हाताचीही बोटे चोवीस. त्यांची वीत होती. त्यांचे पाऊल होते. शेतातले अंतर सांगायला त्यांचे आणखी एक माप होते, 'स्ताये'. हा शब्द थांबणे या अर्थाच्या शब्दाच्या नात्यातला आहे. जनावर एका दमात जाईल आणि मग थांबेल, तेवढे अंतर. इंग्रजांचा फर्लांगही तसाच. फर्लांग म्हणजे नांगराच्या एका तासाची लांबी. शेतकरी कुठलाही असो, नांगर धरला की तो एकसारखाच विचार करतो.

पण घोळही आपल्यासारखाच होता. पोलंडात एका शहराचा हात वेगळा आणि दुसऱ्याचा वेगळा. त्यांचा १८१९ चा मैल साडेआठ किलोमीटरचा होता. इंग्रजांचा मैल १.६ किलोमीटरचा. नाव एक, पण एकाच्या मैलात दुसऱ्याचे पाच मैल मावतात! त्यात आणखी भर पडली. शेजारच्या तीन राज्यांनी तो देश आपसांत वाटून घेतला होता. प्रत्येक धन्याने आपल्या वाट्यात आपले माप लादले. पुष्कळ वर्षे हे चालले. १९१८ साली पोलंड स्वतंत्र झाला. आणि १९१९ सालीच त्यांनी सगळ्या देशाला एक माप लावले. ते माप म्हणजे मीटर.

हा मीटर कुठून आला? फ्रान्स देशातून. तिथे राज्यक्रांती झाली, तेव्हा गावोगाव निराळी मापे होती. गरीब लोक म्हणाले, जमीनदाराचे माप नको, सगळ्यांना एक माप हवे. विद्वानांनी विचार केला. राजाचा हात घ्यावा, तर राजा बदलतो. म्हणून त्यांनी पृथ्वीच धरली. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचे एक कोटी भाग करायचे. त्यांतला एक भाग म्हणजे एक मीटर. दोन विद्वान १७९२ पासून १७९८ पर्यंत जमीन मोजत हिंडले. १७९९ साली मीटरची धातूची पट्टी तयार झाली. पृथ्वी कोणा एकाची नाही, म्हणून हे मापही कोणा एकाचे नाही.

आपल्या देशाने १९५६ साली कायदा करून हे माप घेतले. १९५८ च्या ऑक्टोबरपासून ते हळूहळू लागू होत गेले. शेर गेला, किलो आला. मैल गेला, किलोमीटर आला. सुरुवातीला लोक बावरले. पण दशमानाचा हिशेब सोपा आहे. सगळे दहाच्या पटीत. शंभर सेंटिमीटरांचा एक मीटर. हजार मीटरांचा एक किलोमीटर. एवढे दोन आकडे पाठ केले, की झाले.

आता रोजच्या कामाचे सांगतो.

बायांनो, तुमची नऊवारी. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. मीटरने ती सुमारे सव्वाआठ मीटर भरते. दुकानदाराने आठ मीटरच कापड फाडले, तर पाव मीटराला मुकलात. पाव मीटर म्हणजे वितीपेक्षा जास्त.

शेतकरी बंधूंनो, तुमचा सातबारा. त्यावर जमिनीचे क्षेत्र हेक्टर आणि आर यांत लिहिलेले असते. दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद, तो एक आर. आर आणि गुंठा जवळजवळ सारखेच आहेत. शंभर आरांचा एक हेक्टर. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. उताऱ्यावरचा हा आकडा दुसऱ्याकडून वाचून घेऊ नका. आपला आपण वाचा. वाटणीचा किंवा बांधाचा प्रश्न असेल, तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कचेरीत मोजणीचा अर्ज करा. पावलांवर भरवसा ठेवू नका. पावलांनी काय होते, ते आपण ऐकलेच.

विहिरीचे काम परसावर ठरवू नका. परस कोणाचा? उंच माणसाचा की बुटक्याचा? खोली किती मीटर, ते कागदावर लिहा. मग सही करा.

मग आपला हात, आपली वीत टाकून द्यायची का? छे, छे! ती जन्माची सोबतीण आहे. फक्त तिची ओळख करून घ्या. आज घरी गेलात, की एवढे करा. मुलाच्या दप्तरातली पट्टी घ्या. आपली वीत किती सेंटिमीटर भरते, ते मोजा. आपला हात मोजा. मग अंगणात दहा पावले टाका आणि ते अंतर फितीने मोजा. आलेल्या आकड्याला दहाने भागा. एका पावलाचे माप कळेल. हे तीन आकडे वहीत लिहा. वही नसेल तर भिंतीवर खडूने लिहा. मग बाजारात गेलात आणि फीत जवळ नसली, तरी तुमची वीत तुम्हांला अंदाज देईल. खरे माप फितीचेच. पण दुकानदाराची फीत लबाडी करते आहे, एवढे तुमची वीत तुम्हांला नक्की सांगेल.

आता अंधार पडत आला. आमची गाडी फाट्यावर आहे. फाटा किती लांब आहे, ते आम्ही विचारणार होतो. पण आता भीती वाटते! म्हणून असे करा. पुढच्या वर्गापर्यंत तुमच्यापैकी कोणीतरी तो रस्ता मोजून ठेवा. मोजलेला आकडा चावडीजवळ मोठ्या अक्षरांत लिहा. आमच्यासारखा परका माणूस येईल, तो वाचील आणि तुम्हांला दुवा देईल.

रामराम, मंडळी.